गम्बोच्या गावाला

“भेंडी खाता ना तुम्ही?”

लुइझियानातल्या एका खेड्याबाहेर, ऐंशी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्यानं दारातच आम्हांला हा प्रश्न विचारला. अमेरिकेत पाऊल टाकल्याला दीड महिना झाला होता. तेवढ्या दिवसांत जे समाधान आमच्या हिच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं, ते त्या क्षणी दिसलं. प्रश्न इंग्रजीत होता आणि हिचं इंग्रजी बेताचं. पण ‘ओक्रा’ म्हणजे भेंडी, एवढं तिनं ह्यूस्टनच्या बाजारात पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं होतं. “खाता का म्हणजे काय?” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “त्यांना सांगा, आम्ही भेंडीवरच वाढलो.” मी सांगितलं. म्हातारा खदखदून हसला. “मग आमचेच तुम्ही. या आत.”

पण हे पुढचं झालं. आधी ह्यूस्टनचं सांगतो.

आमचे चिरंजीव ह्यूस्टनला असतात. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचा नातू, नऊ वर्षांचा. पोर गोड, पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे पंचाईत. मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. आजीनं विचारावं, “बाळा, दूध घेतलंस का?” आणि त्यानं हातातल्या यंत्रावरची नजर न काढता म्हणावं, “येस, आजी.” त्या ‘आजी’तल्या दोन अक्षरांवर हिनं समाधान मानायचं. मला राग यायचा. घरात दोघं मराठी माणसं असून पोराला मराठी बोलता येऊ नये म्हणजे काय, असं म्हणून मी मनातल्या मनात सूनबाईंना दोष देत असे आणि मोकळा होत असे. (दोष खरा कोणाकडे जायला हवा होता, ते यथावकाश येईलच.)

एका रविवारी चिरंजीव आम्हांला एका मोठ्या उपाहारगृहात घेऊन गेले. तिथल्या यादीत अर्ध्या पदार्थांच्या मागे ‘केजन’ हे विशेषण लावलेलं होतं. केजन कोंबडी, केजन कोळंबी, इतकंच काय, केजन बटाटे. “केजन म्हणजे तिखट,” चिरंजीवांनी खुलासा केला. दीड महिना मिळमिळीत खाऊन कंटाळलेल्या हिनं आशेनं केजन कोंबडी मागवली. आली ती लाल भुकटीत लोळवून काढल्यासारखी. हिनं एक घास खाल्ला, पाणी प्यायली आणि ताटली पुढे सारली. “हे तिखट नव्हे,” ती म्हणाली, “हा नुसता राग आहे.”

ही गोष्ट चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगितली. त्यांच्या शेजारच्या मेजावरचे गृहस्थ नेमके अस्सल केजन निघाले आणि फार दुखावले. त्यांचं म्हणणं, हा सगळा घोटाळा १९८० नंतरचा. ओपलूससचा पॉल प्रुधोम नावाचा एक नामांकित बल्लव न्यू ऑर्लिन्सला गेला. १९७९ साली त्यानं तिथे स्वतःचं उपाहारगृह काढलं आणि तापून लाल झालेल्या लोखंडी तव्यावर मसाला लावलेला मासा काळा होईपर्यंत भाजायची एक तऱ्हा लोकप्रिय केली. ती इतकी लोकप्रिय झाली, की ‘रेडफिश’ ह्या बिचाऱ्या माशाला वाचवायला सरकारला मासेमारीवर बंधनं घालावी लागली. प्रुधोम खरा कसबी माणूस. पण त्याची नक्कल करणाऱ्यांनी कसब टाकलं आणि भुकटी तेवढी उचलली. “तुमच्या आईवडिलांना माझ्या वडिलांकडे घेऊन चला,” ते गृहस्थ म्हणाले. असं हे आमंत्रण.

मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही निघालो. दहा नंबरच्या हमरस्त्यानं ह्यूस्टनपासून साडेतीनशे किलोमीटर पूर्वेला. टेक्सासची हद्द संपली, क्राउली गाव जवळ आलं आणि ही एकदम खिडकीशी सरसावून बसली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं! बांध घातलेली, पाणी तुंबवलेली, मधूनमधून पांढरे बगळे उभे. फक्त माड नव्हते. नाहीतर मालवणहून कुडाळला निघालोय असंच वाटावं. ह्या भागात भाताची शेती मोठी. भात कापून झालं, की त्याच खाचरांत पुन्हा पाणी सोडतात आणि धसकटांवर क्रॉफिश पोसतात. क्रॉफिश म्हणजे शेवंडीचं धाकटं भावंड. बोटभर लांब, चिखलाच्या रंगाचं, शिजलं की लालभडक. पाण्यात तारेचे पिंजरे रोवलेले दिसत होते आणि चाकं लावलेली एक चपटी होडी बांध चढून एका खाचरातून दुसऱ्यात चालली होती. “आमच्याकडे पावसात शेतातले मुठे धरतात, तशातलंच,” ही म्हणाली. नातवानं विचारलं, “व्हॉट इज मुठे?” हिनं हाताची नांगी करून त्याच्या पोटाला चिमटा काढला.

घर ब्रो ब्रिज ह्या गावाबाहेर होतं. भेंडीचा प्रश्न विचारणारे ते म्हातारे म्हणजे आमच्या यजमानांचे वडील. त्यांची आठ वर्षांची नात त्यांना ‘पेपेर’ म्हणत होती. पेपेर म्हणजे आजोबा. संध्याकाळपर्यंत आम्हीही सगळे त्यांना पेपेरच म्हणू लागलो. भेंडीचं जेवण उद्या. आजचा बेत निराळा होता, कारण आज लेंटमधला शुक्रवार.

केजन लोक कट्टर कॅथलिक. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या ह्या व्रतात दर शुक्रवारी मांस वर्ज्य. मात्र मासळी चालते. तेव्हा पेपेरच्या अंगणात उपासाचा स्वयंपाक मांडला होता तो असा. गॅसच्या मोठ्या शेगडीवर पाणी तापवायच्या बंबाएवढं पातेलं. त्यात मीठ, लाल मिरची, लिंबं, लसणाचे अख्खे गड्डे, कांदे, बटाटे, मक्याची कणसं. आणि वरून गोणी उपडी करून ओतलेले जिवंत क्रॉफिश. माणशी तीन ते पाच पौंड धरायचे, असा हिशेब. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपलीच मक्तेदारी आहे असं मी आजवर समजत होतो.

ताटं नव्हतीच. लांब मेजावर वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यांच्यावर ते लाल, वाफाळतं ढीगभर प्रकरण ओतलं. सगळे उभ्यानंच खाऊ लागले. डोकं पिरगळून वेगळं करायचं, त्यातला रस चोखायचा, शेपटी चिमटीत दाबून आतलं मांस ओढायचं. मी शहरी माणूस. मला एकेकाला दोन मिनिटं लागत होती. हिनं पहिले दोन पाहिले, तिसरा हाती घेतला आणि मग जे सुरू केलं ते पाहून मेजावरचं बोलणं थांबलं. मालवणच्या मुलीला कवच सोलायला कोणी शिकवावं लागत नाही. पेपेर आपलं खाणं सोडून तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या ढिगातले मोठे मोठे निवडून तिच्यापुढे सरकवले.

तिखट होतं का? होतं. कपाळाला घाम आला. पण मिरचीच्या आत लिंबू लागत होतं, लसूण लागत होती आणि सगळ्यांच्या आत गोड्या पाण्यातल्या त्या जीवाची स्वतःची गोडी लागत होती. हिचा ‘राग’ कुठे नव्हता.

आता हे ‘केजन’ मूळचे कोण, ते थोडक्यात सांगतो. फ्रान्समधले शेतकरी सतराव्या शतकात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या नोव्हा स्कॉशियात, जाऊन वसले. त्या मुलखाचं नाव अकादी. १७१३ साली तो मुलूख इंग्रजांकडे गेला. ह्या लोकांनी इंग्रजांच्या राजाची बिनशर्त शपथ घ्यायचं नाकारलं, तेव्हा १७५५ साली, आपल्या पानिपतच्या सहा वर्षं आधी, त्यांना घरादारांतून उपटून काढायला सुरुवात झाली. ग्राँ-प्रे गावात ५ सप्टेंबरला पुरुषांना चर्चमध्ये बोलावलं, दारं लावून घेतली आणि तुमची जमीन, घरं, गुरं सरकारजमा झाली, असं वाचून दाखवलं. आठ वर्षांत सुमारे दहा हजार माणसं जहाजांत कोंबून दाही दिशांना पाठवली. नवरा एकीकडे, बायको एकीकडे, असंही झालं. त्यांतले काहीजण १७६५ च्या सुमारास लुइझियानाच्या ह्या दलदलीत पोहोचले. ‘अकादियें’चं ‘कादियें’ झालं आणि इंग्रजी जिभेवर त्याचं ‘केजन’ झालं. लाँगफेलोनं १८४७ साली ताटातुटीच्या ह्या कथेवर ‘इव्हँजेलीन’ हे काव्य लिहिलं आणि जगाला ती माहीत झाली. स्वतः लाँगफेलोनं मात्र लुइझियानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. सेंट मार्टिनव्हिल गावी बायू तेशच्या काठी त्या काल्पनिक नायिकेच्या नावाचा ओक वृक्ष दाखवतात आणि लोक भक्तिभावानं त्याचं दर्शन घेतात. ह्यात हसण्यासारखं काही नाही. पंचवटीत आपणही तेच करतो.

पेपेरच्या घरात भिंतीवर एक कागद चौकटीत लावला होता. राणी एलिझाबेथच्या नावानं २००३ साली निघालेला जाहीरनामा, त्याची प्रत. हद्दपारी घडली आणि तिच्यामुळे लोकांचे हाल झाले, एवढं त्यात मान्य केलेलं आहे. लुइझियानातल्याच एका वकिलानं १९९० पासून तगादा लावला होता, त्याचं हे फळ. “पैसे मिळाले का?” मी विचारलं. “नाही,” पेपेर म्हणाले, “मागितलेच नव्हते.”

शनिवारी सकाळी आम्हांला युनिस गावातल्या एका वाद्यांच्या दुकानात नेलं. तिथे शनिवारी गावची माणसं आपापली वाद्यं घेऊन जमतात आणि वाजवत बसतात. श्रोते येताना बूदँ घेऊन येतात. बूदँ म्हणजे डुकराचं मांस आणि भात आतड्यात भरून वाफवलेलं प्रकरण. हिनं हात जोडले. मी दोन खाल्ली. बैठकीत दोन फिडलं, एक तिकोनी लोखंडी सळी आणि एक लहानसा अकॉर्डियन. भाता मारायचा आणि पट्ट्यांतून सूर काढायचे; आपल्या पेटीचाच चुलतभाऊ. गाणी फ्रेंचमध्ये. गाणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे.

तिथेच पेपेरनी मला आमेदे आर्दवँची गोष्ट सांगितली. हे सगळं संगीत ज्याच्या बोटांवरून उतरलं त्यांच्यातला हा एक मोठा. काळा क्रेओल माणूस. १९२९ साली डेनिस मॅगी ह्या गोऱ्या फिडलवाल्याबरोबर त्याच्या तबकड्या निघाल्या. गोऱ्यांच्या नाचाला तो वाजवायला जाई. सांगतात, की एकदा वाजवता वाजवता त्याला घाम आला, तेव्हा एका गोऱ्या मुलीनं तोंड पुसायला आपला रुमाल दिला, म्हणून परतीच्या वाटेवर त्याला अर्धमेला होईपर्यंत मारलं. १९४२ साली वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. “त्याची गाणी आम्ही आमची म्हणून गातो,” पेपेर म्हणाले आणि पुढे बोलले नाहीत. घराबाहेर हाकललेल्यांच्या वंशजांनीही दुसऱ्याला दाराबाहेर उभं केलं, ही गोष्ट त्या चौकटीतल्या कागदाइतकीच खरी आहे.

दुपारी गम्बो.

गम्बो ही पातळ, दाट, तपकिरी, भातावर ओतून खायची वस्तू. आमटी म्हणा, कालवण म्हणा. मात्र ‘सूप’ म्हणालात तर तिथे कोणी तुमच्याशी बोलणार नाही. नाव आफ्रिकेतलं. भेंडीला तिकडच्या बांटू भाषांत ‘किंगोम्बो’ म्हणतात, त्यातलं हे ‘गोम्बो’. भेंडी आफ्रिकेतून आली, धरून आणलेल्या गुलामांबरोबर. भेंडी नसेल त्या दिवसांत दाटपणासाठी ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड घालतात. तिला ‘फिले’ म्हणतात आणि ती तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची देणगी. पीठ तेलात भाजायची फ्रेंच रीत, आफ्रिकेची भेंडी, अमेरिकेची मिरची. एका पातेल्यात इतके खंड मी पूर्वी पाहिले नव्हते.

पेपेरनी बिडाचं जुनं पातेलं चढवलं. तेल आणि मैदा समसमान. मग चपटा लाकडी चमचा घेऊन ढवळायला सुरुवात. ह्याला ‘रू’ म्हणतात. पाऊण तास ढवळायचं. टेलिफोन वाजला तरी घ्यायचा नाही, दार वाजलं तरी उघडायचं नाही. एक काळा ठिपका दिसला की सगळं फेकून नव्यानं आरंभ. रंग बदलत जातो. आधी हस्तिदंती, मग शेंगदाण्याचा, मग जुन्या तांब्याच्या पैशाचा.

ही ओट्याशी जाऊन कधी उभी राहिली, मला कळलंच नाही. तिचं इंग्रजी संपलं होतं आणि पेपेरना मराठी येत नव्हतं. पण पिठाचा वास ही तिची भाषा. दर दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या घरात बेसन भाजलं जातं, आणि त्या वेळी घराला आग लागली तरी ही कढईपासून हलायची नाही. रंग शेंगदाण्यावर आला तशी तिची चुळबुळ सुरू झाली. “बास, बास!” ती म्हणाली, “खमंग झालं, आता उतरवा.”

पेपेर ढवळत राहिले. हिनं नातवाला हाक मारली. “अरे, सांग त्यांना, खमंग झालं म्हणून! जळेल ना!”

नातू आला. हातातलं यंत्र त्यानं खाली ठेवलं. “खमंग?” तो म्हणाला. “आजी, व्हॉट इज खमंग?”

“खमंग म्हणजे…” ही अडली. “अरे, खमंग म्हणजे खमंग!”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पस्तीस वर्षं इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला माणूस. मी दोनतीन शब्द काढले. एकात वास होता पण भाजणं नव्हतं, एकात भाजणं होतं पण सुख नव्हतं. चिरंजीवांकडे पाहिलं, ते ओशाळे हसले. तेव्हा पोरानं स्वतःच धडपड केली. “शी सेज,” तो पेपेरना म्हणाला, आणि नाकानं जोरात श्वास ओढून, डोळे मिटून, दोन्ही हात पसरले.

पेपेरना कळलं. “नॉट येट,” ते म्हणाले. मुलानं वळून आजीला सांगितलं, “अजून नाही.”

त्या दीड महिन्यात त्यानं बोललेलं पहिलं मराठी वाक्य. कोणी त्याचा बोभाटा केला नाही. हिनंसुद्धा नाही.

पुढची दहा मिनिटं तो मध्ये उभा राहून दुभाषाचं काम करत होता. रंग तांब्यावरून चॉकलेटवर गेला. हिला ते जळालं असंच वाटत होतं. मग पेपेरनी चिरलेला कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी एकदम आत टाकली. ह्या तिघांना तिथे ‘पवित्र त्रिमूर्ती’ म्हणतात. चर्र झालं, वाफ उठली, आणि त्या वाफेबरोबर जो वास आला तो घेऊन ही क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, “त्यांचं बरोबर होतं.”

नंतर भेंडी. गेल्या उन्हाळ्यात परतून, बुळबुळीतपणा मारून, थंड पेटीत साठवलेली. मग कोळंबी. “हे तर भेंड्या-सुंगटांचं कालवण!” ही म्हणाली. गोव्यात आणि मालवणकडे ते करतातच. फक्त खोबरं नाही आणि आमसूल नाही. शिजायला तासभर लागणार होता. त्या तासात जे बोलणं झालं, ते सांगण्यासाठीच खरं म्हणजे मी हा लेख लिहायला घेतला.

पेपेर सहा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या कानांवर इंग्रजी क्वचितच पडलं होतं. १९२१ साली लुइझियानाची नवी राज्यघटना झाली, तिनं शाळांतून फक्त इंग्रजी ठेवलं. पेपेर शाळेत गेले तेव्हा फ्रेंच बोलणाऱ्या पोराला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवत, नाहीतर ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ हे वाक्य फळाभर लिहायला लावत. “पण ते काही नाही,” पेपेर म्हणाले. “पहिल्या आठवड्यात मला लघवीला जायचं होतं. इंग्रजीत कसं विचारायचं ते येत नव्हतं. फ्रेंचमध्ये विचारायची भीती. बसून राहिलो. मग व्हायचं ते झालं. सगळा वर्ग हसला. त्या दिवशी ठरवलं, माझ्या मुलांवर ही पाळी येऊ द्यायची नाही.”

आणि त्यांनी येऊ दिली नाही. बायकोशी फ्रेंच, आईशी फ्रेंच, गाईगुरांशी फ्रेंच. मुलांशी मात्र इंग्रजी. आमचे यजमान, त्यांचे चिरंजीव, तिथेच बसले होते. त्यांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही. “लहानपणी मला वाटे,” ते म्हणाले, “की आईवडील आमच्यापासून काहीतरी लपवण्यासाठी ती भाषा बोलतात.”

१९६८ साली राज्यानंच फ्रेंच टिकवण्यासाठी एक मंडळ नेमलं. आता काही शाळांत सगळे विषय फ्रेंचमधून शिकवतात, आणि पेपेरची नात तशा शाळेत जाते. ती आजोबांशी फ्रेंच बोलते, आणि त्यांच्या चुकाही काढते. ते मोटारीला ‘शार’ म्हणतात. शाळेत ‘व्वात्यूर’ शिकवतात. ते कोळंबीला ‘शव्रेत’ म्हणतात. तिच्या पुस्तकात ‘क्रव्हेत’ आहे. “ऐंशीव्या वर्षी पुन्हा शाळेत फ्रेंचवरून बोलणी खातो आहे,” पेपेर हसत म्हणाले. मी हे हिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. मालवणहून पुण्याच्या शाळेत आल्यावर तिच्या ‘खंय’ आणि ‘कित्यां’वर वर्ग कसा हसला होता, ते तिनं मला लग्नानंतर वीस वर्षांनी सांगितलं होतं.

मी जरा आवेशानंच म्हणालो, की मुलांच्या तोंडची भाषा काढून घेणं हा मोठा अन्याय आहे. आणखीही काही बोललो असेन. चिरंजीव मोरीशी भांडी विसळत होते. पाठ न वळवता ते मराठीत म्हणाले, “बाबा, आठ आणे दंड होता. आठवतं?”

मला आठवलं. मी त्यांना ज्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, तिथे मराठी बोललेल्या प्रत्येक वेळी आठ आणे दंड असे. पहिल्या दिवसासाठी मी घरी त्यांच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं होतं : ‘मे आय गो टु द टॉयलेट?’ दंडाच्या चिठ्ठ्या येत. “तुम्ही हसत भरायचात,” चिरंजीव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तेच अवघड होतं. मी केवळ हसत भरत नसे. शेजाऱ्यांना कौतुकानं सांगतही असे. शाळा किती कडक आहे म्हणून.

पेपेरनी काय चाललंय ते विचारलं नाही. उठून गम्बो ढवळला आणि मला एका वाटीत चाखायला दिला.

रविवारी न्यू ऑर्लिन्स. त्या शहरावर इतकं लिहिलं गेलं आहे, की मी चार गोष्टींवर भागवतो. ‘क्रेओल’ म्हणजे मूळ अर्थानं वसाहतीत जन्मलेला. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन, सगळ्यांच्या वंशजांनी हा शब्द आपापल्या परीनं वापरला. हा स्वयंपाक शहरी. त्यात टोमॅटो येतो, लोणी येतं. तिथे गमतीनं म्हणतात, की केजन माणूस एका कोंबडीवर तीन कुटुंबं जेवू घालतो, आणि क्रेओल तीन कोंबड्यांवर एक. पण ह्या कोंबड्या रांधणारे हात बहुतेक काळे होते, आणि त्यांतल्या फार थोड्यांची नावं उरली आहेत.

उरलेल्यांपैकी एक मोठं नाव लीआ चेस. १९२३ साली जन्मल्या, २०१९ साली वारल्या. त्रेमे वस्तीतलं ‘डूकी चेसेस’ हे १९४१ साली सुरू झालेलं उपाहारगृह त्यांनी नावारूपाला आणलं. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसून जेवणं बेकायदा होतं त्या काळात वरच्या मजल्यावर नागरी हक्कांच्या चळवळीतली दोन्ही वर्णांची माणसं गम्बो खात बैठका घेत. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्या हिरव्या पाल्यांचा एक खास गम्बो करीत. पाले मोजून घ्यायचे, आणि संख्या विषम हवी. जितके पाले, तितके नवे मित्र वर्षभरात मिळतात, असा समज. “म्हणजे ऋषिपंचमीची भाजी,” ही म्हणाली. फक्त त्यात मांसही घालतात, हे मी तिला सांगितलं नाही. त्याच त्रेमे वस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हुगळीकडचे मुसलमान फेरीवाले चिकणकामाचं कापड विकायला येत आणि त्यांतल्या काहींनी क्रेओल बायकांशी संसार थाटले. कोणत्या तरी गम्बोत हळद पडलीच असेल, असं माझं मन म्हणतं.

सोमवारी तांबड्या घेवड्याची उसळ आणि भात. सोमवार हा पूर्वी धुण्याचा दिवस. रविवारच्या जेवणातलं हाड घालून घेवडा मंद आचेवर ठेवायचा आणि बायकांनी दिवसभर कपडे धुवायचे. धुणं आता यंत्रात गेलं, घेवडा सोमवारीच राहिला. कॉफीत चिकोरी. माटुंग्याच्या दुकानदारासारखं “किती टक्के?” असं कोणी विचारत नाही, एवढाच फरक. पुराच्या खुणा मी शोधल्या. २००५ साली कत्रिना वादळात बंधारे फुटले आणि ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं. आता काही घरांना जमिनीपासून पुरुषभर उंच खांब आहेत.

निघताना एका बाईकडून प्रालीन घेतली. पेकन नावाचे दाणे साखरेच्या पाकात घोळवलेली वडी. सहा घेतल्या, तिनं सात दिल्या. मी परत करू लागलो तर म्हणाली, “लान्याप!” गिऱ्हाइकाला वरून द्यायचं ते लान्याप. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इकडे आलेला हा शब्द. हिला अर्थ सांगावा लागला नाही. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडी वर घेतल्याशिवाय तिनं आजवर पिशवी उचललेली नाही.

परतीच्या वाटेवर आचाफलायाच्या दलदलीवरचा तो जवळजवळ एकोणतीस किलोमीटरांचा पूल लागला तेव्हा ऊन उतरलं होतं. खाली पाण्यात सायप्रसची झाडं गुडघ्यांएवढी बुडालेली. चिरंजीव गाडी चालवत होते. कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, नातू झोपला.

“आजी,” तो मागून म्हणाला. एकेक शब्द जुळवत होता. “खमंग म्हणजे… जळायच्या आधी?”

हिनं विचार केला. “हो. अगदी जरासं आधी.”

“पण पेपेरचं खमंग नंतर येतं,” तो म्हणाला. “तुझं लवकर.”

“त्यांचा मैदा, बाळा. माझं बेसन.”

त्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, “बेसन म्हणजे?”